लक्ष्मम्माचं इंटिग्रल

सिंधु : आणि हे बघ. तिसरी ओळ. शेंग म्हणताना लक्ष्मम्मा मध्येच ह कुठं म्हणाली गं?

गौसिया : ताई, आधी खुर्चीवर बसा. उदगीरपासून उभ्यानंच आलात काय?

सिंधु : उभ्यानंच आले. क्लासला येणारी पोरं, त्यांच्या ट्रंका, त्यांच्या गाद्या, त्यांच्या आया. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते सोड, तू हा कागद बघ. हैदराबादच्या संस्थेनं पाठवलाय. तेव्हा तू दिलेल्या फ्लॉपीतला मजकूर त्यांच्या कॉम्प्युटरवर असा दिसतोय. विचारतात, तुमच्या आजीबाई दर दोन अक्षरांनी स्वल्पविराम का घेतात? दमा होता का त्यांना?

गौसिया : या अल्ला!

सिंधु : हसू नकोस.

गौसिया : हसत न्हाई ताई. ठसका लागला.

सिंधु : तेरा वर्षं झाली. याच दुकानात बसून तू ही एक्केचाळीस पानं टाइप केली होतीस. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मी लक्ष्मम्माचं बोलणं टेप केलं, टेप कानाशी धरून एकेक आवाज ध्वनिलिपीत उतरवला आणि ते कागद तुझ्या हातात दिले. तू छापलंस ते इतकं देखणं होतं की आमचे गाईड म्हणाले, हा फॉन्ट परदेशातून मागवला का? आणि आता बघ ही दशा. जिथं ळ हवा तिथं एल आणि स्वल्पविराम. जिथं श हवा तिथं डोक्यावर रेघ असलेला ओ.

गौसिया : अन् जिथं शेंगेतला ङ पायजे तिथं एच.

सिंधु : हो! तुला कसं कळलं?

गौसिया : मीच केलंय ते.

सिंधु : काय केलंयस?

गौसिया : सांगते. आधी पाणी घ्या. अन् ती पर्स जरा लांब ठेवा, फेकून मारताल.

सिंधु : गौसिया.

गौसिया : बरं, ऐका. तुमच्या कागदावर इंग्रजी अक्षरांना शेपट्या होत्या. टीला शेपटी, डीला शेपटी, एलला शेपटी. आमच्याकडं कुठला आलाय शेपटीवाला फॉन्ट? मराठीचे चार, इंग्रजीचे दोन, अन् क्लासवाल्यांच्या नोट्ससाठी एक गणिताच्या खुणांचा. सिम्बॉल म्हणतात त्याला. एवढ्यावर दुकान चालायचं. मग मी काय केलं, एल टाइप केला, त्याच्यापुढं स्वल्पविराम टाइप केला, अन् तो स्वल्पविराम पान जुळवायच्या पेजमेकरमधी धरून मागं ओढला, एलच्या पायाखाली बसवला. झाली शेपटी.

सिंधु : स्वल्पविराम?

गौसिया : हाव. एकेक करून.

सिंधु : एक्केचाळीस पानं?

गौसिया : दोन महिने लागले न मग. तुम्हाला वाटलं मी आळशी हाय.

सिंधु : आणि श?

गौसिया : तुमचा ध्वनिलिपीतला श कसा, लांबडा, वर वाकलेला, खाली वाकलेला. मी म्हटलं, हे तर मी रोज दहादा टाइप करते. इंटिग्रल हाय की हे, गणितातलं!

सिंधु : तू लक्ष्मम्माच्या तोंडात इंटिग्रल घातलंस?

गौसिया : जरा बारीक करून घातलं.

सिंधु : देवा.

गौसिया : अन् ङ म्हणजे एन, त्याला खाली हुकासारखा बाक. सिम्बॉलमधी एच दाबलं की फिजिक्सचा ईटा येतो, हुबेहूब तसा. कागदावर तुम्हाला तरी फरक दिसला का? तुम्ही तर ‘वा’ म्हणलात. अब्बांचं म्हणणं, गिऱ्हाईक ‘वा’ म्हणालं की तोंड बंद ठेवायचं.

सिंधु : करीमचाचांनी हे बघितलं होतं?

गौसिया : अब्बांनीच शिकवलं. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हापासूनची सवय. एखादा खिळा कमी पडला की दुसऱ्याला कानस मारायची अन् बसवायचा. छपाईत ओळखू आला न्हाई की झालं.

सिंधु : पण हा कागद नाही ना गं! कागद डोळ्यांनी वाचतात. हैदराबादला कॉम्प्युटर वाचणार आहे. संस्था आपल्या भागातल्या बोलींचा संग्रह करतेय, त्यात कुणीही एक आवाज शोधला की कुठल्या गावात तो कसा बोलतात ते निघायला हवं. आता कुणी श शोधला तर लक्ष्मम्मा सापडणारच नाही. ती गणितात बसलेली असेल. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, युनिकोडमध्ये स्वच्छ मजकूर आज पाचपर्यंत पोचला तर घेऊ, नाहीतर पुढच्या गावाला जागा देऊ.

गौसिया : आज पाच?

सिंधु : आज पाच.

गौसिया : अन् लाईट जाते पावणेपाचला.

सिंधु : लोडशेडिंग इथंही आहे?

गौसिया : ताई, लातूर हाय हे. बरं, छापलेलं हाय न तुमच्याकडं? बघून नव्यानं टाइप करू.

सिंधु : मूळ प्रत विद्यापीठात गेली ती गेलीच. माझ्याकडं झेरॉक्सची झेरॉक्स आहे. सगळ्या शेपट्या उडाल्यात. कुठं ल आणि कुठं ळ, काही कळत नाही. मी तीन रात्री बसले. निम्म्या शब्दांवर माझा मलाच भरवसा वाटेना.

गौसिया : अन् टेप?

सिंधु : टेपचं नाव काढू नकोस.

व्यंकट : आपा! झाला का माझा पेपर? उद्या सकाळी सातला टेस्ट आहे. अकराशे पोरं खाली मान घालून बसणार आहेत, त्यांच्यासमोर काय कोरे कागद ठेवू?

गौसिया : सर, तुमचे दोनच प्रश्न राहिलेत. जरा दम धरा, आज इथं दुसरीच टेस्ट चालू हाय. ताई, हे फिजिक्सचे सर, मागच्या गल्लीत यांचा क्लास. सर, या सिंधुताई, उदगीरला कॉलेजात भाषा शिकवतात.

व्यंकट : नमस्कार मॅडम. भाषा चांगला विषय. स्कोअरिंग नाही, पण चांगला. आपा, हे काय उघडलंय जुन्या मशीनवर? अजून चालू होतं हे डबडं?

गौसिया : अब्बांनी मरताना सांगितलं होतं, गिऱ्हाइकाचं काम फेकायचं न्हाई. नवी मशीन आली तरी ही माळ्यावर ठेवली न्हाई मी. बघा ताई, ही तुमची मूळ फाइल. जशीच्या तशी हाय.

सिंधु : अगं... हेच ते. हेच पान. शेपट्या आहेत!

व्यंकट : एक मिनिट. हे माझं इंटिग्रल इथं काय करतंय?

गौसिया : सर, तुम्ही मधी नका बोलू.

व्यंकट : नाही, पण याला लोअर लिमिट नाही, अप्पर लिमिट नाही. नुसतं इंटिग्रल, आणि पुढं ई, आणि पुढं ईटा. मॅडम, हे कशाचं डेरिव्हेशन आहे?

सिंधु : शेंग.

व्यंकट : काय?

सिंधु : भुईमुगाची शेंग. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलेली.

गौसिया : सर, तुमच्या पहिल्या नोट्स आम्हीच टाइप केल्या होत्या न, पंच्याण्णवला? त्यातलंच उसनं घेतलं.

व्यंकट : म्हणजे माझं इंटिग्रल नेऊन तुम्ही त्याचं श केलं? आणि तेरा वर्षं मला कुणी बोललं नाही?

सिंधु : मलाही कुणी बोललं नाही. या दुकानात कुणी कुणाला काही सांगत नाही. सर, तुम्ही शिकवता ना, मग या बाईला समजावून सांगा की दिसायला एक असलं म्हणून अक्षर एक नसतं.

गौसिया : ते कळतंय मला. आता पहिल्यासारखं न्हाई. पहिलं नुसता चेहरा बघायचे, आता प्रत्येकाला नंबर हाय. त्याचा नंबर त्याच्यासंगंच जातो, कुठल्याही मशीनवर.

व्यंकट : रोल नंबर! बरोबर. इंटिग्रल गणिताच्या वर्गात, हा श ध्वनीच्या वर्गात. जुळे भाऊ आहेत, चेहरा एक, रोल नंबर वेगळा. तुम्ही काय केलं आपा, भाषेच्या पेपरला गणिताचा भाऊ बसवला. डमी विद्यार्थी! कन्सेप्ट क्लिअर?

सिंधु : काय म्हणालात?

व्यंकट : डमी विद्यार्थी.

सिंधु : नाही, त्याच्या पुढचं.

व्यंकट : कन्सेप्ट क्लिअर?

सिंधु : तुमचं नाव काय, सर?

व्यंकट : व्यंकट. नांदेडला होतो आधी, मग इथं आलो. का हो?

सिंधु : सत्त्याण्णव साली तुम्ही थर्मोडायनॅमिक्स शिकवत होता?

व्यंकट : अजूनही शिकवतो. पोरं लेक्चर टेप करून घरी न्यायची. तुम्ही माझ्या विद्यार्थिनी? चेहरा आठवत नाही...

सिंधु : माझा धाकटा भाऊ होता, सुदर्शन. तुमच्या क्लासला. नव्या कॅसेट आणायला सांगितल्या, तर शहाण्यानं घरातल्या घेतल्या. फळीवर माझ्या सात कॅसेट होत्या. लक्ष्मम्माच्या. मी हैदराबादला होते. सुट्टीला आले, टेप लावला, अव्वाचा, म्हणजे लक्ष्मम्माचा, आवाज ऐकायचा म्हणून. आणि आतून पुरुषाचा आवाज आला, उष्णता ही एक प्रकारची ऊर्जा आहे, कन्सेप्ट क्लिअर?

व्यंकट : अरे देवा.

सिंधु : सातही कॅसेट, दोन्ही बाजू. इतकं मन लावून भरलं होतं त्यानं. तुमच्यावर भारी श्रद्धा होती.

व्यंकट : त्या बाई... आहेत?

सिंधु : दोन हजार एकला गेल्या. आमच्या आळीतल्या. आळी तर आधीच गेली होती. नवं गाव बांधलं तेव्हा ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, कमी त्याला लहान, अशा ओळी पाडल्या. कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, हे कुणी विचारलंच नाही. आमच्या आळीत निम्मं मराठी, निम्मं कानडी असं एक बोलणं होतं. पाच-पन्नास माणसं तसं बोलायची. पांगली ती. आता माझी आईसुद्धा टीव्हीवरच्यासारखी बोलते. लक्ष्मम्माचं बोलणं या फाइलीतच आहे, सर. दुसरीकडं कुठंच नाही. आज राहिलं तर राहिलंच.

व्यंकट : आपा, माझा पेपर बाजूला ठेवा.

गौसिया : अन् अकराशे पोरं?

व्यंकट : फळ्यावर लिहून देतो. आमच्या वेळी फळ्यावरच असायचा. तुम्ही याला लागा. किती वाजले?

गौसिया : अडीच. ताई, खुर्ची इकडं ओढा. सांगते कसं करायचं ते. जुन्या मशीनला इतकं कळतं की कुठलं अक्षर कुठल्या फॉन्टमधलं हाय. म्हणून आधी इथंच सिम्बॉलमधले एच तेवढे शोधून काढते, त्यांच्या जागी खूण टाकते. म्हणजे खरा एच अन् आपला ईटा एकमेकांत मिसळणार न्हाईत. मग इंटिग्रलला दुसरी खूण. मग फ्लॉपीवर घेऊन नव्या मशीनवर, अन् तिथं खुणांच्या जागी तुमची खरी अक्षरं, नंबरवाली.

सिंधु : आणि स्वल्पविराम? काही खरे स्वल्पविरामही असतील. ती दम घ्यायची कधीकधी.

गौसिया : खऱ्या स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असती. अब्बांनी डोक्यात टपला मारून शिकवलेलं हाय. शेपटीच्या स्वल्पविरामानंतर जागा न्हाई. मशीनला सांगते, चिकटलेले तेवढे उचल.

व्यंकट : हुशार आहात आपा. तुम्हाला मी क्लासमध्ये...

गौसिया : सर, चहा सांगा तुम्ही. तीन कप.

सिंधु : थांब. हे एवढं निळं काय झालं?

गौसिया : ईटा सापडले. दोनशे चौदा.

सिंधु : बाप रे. दोनशे चौदा ङ बोलली ती?

गौसिया : लई बोलायची ताई तुमची अव्वा. शेंगा, वांगी, सांगते, रांगोळी. एकदा तर सलग दीड पान रांगोळी.

सिंधु : तुला आठवतंय?

गौसिया : आपला हात तिथून गेला की आठवतंच. हां, खूण टाकली. आता इंटिग्रल. तीनशे सहा.

व्यंकट : तीनशे सहा! माझ्या अख्ख्या नोट्समध्ये नव्हती एवढी.

सिंधु : सर, तुम्ही बसा, पण मोजू नका.

व्यंकट : बरं. हे घ्या, बिस्किटं. मॅडम, एक विचारू? तुम्ही तिला काय विचारायचात? भूकंपाचं?

सिंधु : नाही. भूकंपाचं विचारायचं धाडसच झालं नाही. तिची दोन नातवंडं गेली होती. सून गेली होती. मी म्हटलं, आपण वस्तूंची नावं विचारू. उखळ, मुसळ, दिवळी, चुलीमागची जागा. एक शब्द चार-चारदा म्हणायला लावायचे. परत म्हण अव्वा, जीभ कुठं लागते बघू, परत म्हण. त्या बाईचं सगळं घर मातीखाली, आणि मी तिच्याकडून उखळ म्हणवून घेतेय.

गौसिया : ताई, फ्लॉपी निघाली. इकडं बघा आता. नवी मशीन. ही घ्या तुमची खरी अक्षरं, या तक्त्यात समदी हायेत. हा तुमचा श. दिसतो तसाच, पण आपल्या नंबरचा. बदलू?

सिंधु : बदल.

गौसिया : तीनशे सहा बदलले.

सिंधु : माझा विश्वास बसत नाही. शेंग वाचून दाखव. नाही, मीच वाचते. शेंग! सर, बघा, शेंग!

व्यंकट : दिसली मॅडम. अभिनंदन.

गौसिया : आता शेपट्या. टी-स्वल्पविराम, डी-स्वल्पविराम, एन, एल. चारीची चार अक्षरं. हां, झाली. ताई, पान सतरा बघा. इथं एक ल सुटल्यासारखा वाटतोय. ‘पोळी’ हाय न हे?

सिंधु : ‘पोली’ लिहिलंय. माझीच चूक असेल कागदावर.

गौसिया : न्हाई न्हाई, तुमच्या कागदावर शेपटी होती. माझ्याकडून राहिली. ‘पोळी’च म्हणायची ती, पण ळ कसा, जीभ लई मागं नेऊन. पोळी.

सिंधु : ... हो. असंच. कानडी ळ.

व्यंकट : पावणेपाच!

सिंधु : गेली! लाईट गेली! गौसिया!

गौसिया : घाबरू नका. नव्या मशीनला इन्व्हर्टर हाय. पण बॅटरी म्हातारी हाय, दहा मिनिटं टिकली तर टिकली. अन् इंटरनेटचा डबा त्याच्यावर चालत न्हाई.

व्यंकट : माझ्या क्लासवर जनरेटर आहे.

गौसिया : मशीन उचलून न्यायला वेळ कुठाय सर?

व्यंकट : मशीन कशाला नेता? वायर आणतो. मागची भिंत एकच आहे आपली. त्या खिडकीतून टाकतो. पोरांचे पंखे बंद करतो पंधरा मिनिटं.

सिंधु : ती पोरं उन्हाळ्यात...

व्यंकट : मॅडम, माझ्या थर्मोडायनॅमिक्सखाली तुमची बाई गाडली गेलीय. पंधरा मिनिटं घाम आला तर पोरांना उष्णतेचा कन्सेप्ट तरी क्लिअर होईल. आलोच.

गौसिया : ताई, तोवर शेवटची पानं बघून घ्या. बरोबर हाय का?

सिंधु : बरोबर आहे. एकोणचाळीस बरोबर. चाळीस... गौसिया, हे सगळं बरोबर आहे गं.

व्यंकट : पकडा! खिडकीतून! खाली नका पाडू, चालू आहे ती!

गौसिया : आली, आली. डबा लागला. लाल दिवा... हिरवा झाला. ताई, पत्ता टाका.

सिंधु : माझ्याच्यानं व्हायचं नाही. तूच टाक.

गौसिया : टाकला. पाठवू?

सिंधु : पाठव.

गौसिया : चार छप्पन. गेली.

व्यंकट : गेली का? आपा, ओरडून सांगा, मी भिंतीपलीकडं आहे!

गौसिया : गेली सर! पंखे लावा पोरांचे!

(दुकानात अंधार आहे, पडद्याचा उजेड तेवढा दोघींच्या तोंडावर. दुपारपासून लाह्या फुटाव्यात तशी बोलणारी सिंधु पडद्याकडंच बघत बसली आहे. जिंकल्यावर माणसानं हसावं, पण तिला काही हसू येत नाही. तेरा वर्षं मनात दाबून ठेवलेलं आज वर येऊ पाहतंय, आणि समोर ऐकायला नेमकी गौसियाच बसलेली आहे.)

गौसिया : ताई? चहा थंड झाला तुमचा.

सिंधु : मी शेवटच्या दिवशी तिला सांगून गेले होते, अव्वा, उद्या येते. आणि गेले नाही.

गौसिया : का बरं?

सिंधु : लाज वाटली. त्या दिवशी तिनं कुठल्याशा शब्दावर डोळे पुसले, आणि मी काय केलं, तर म्हटलं, परत म्हण, रडण्यानं आवाज बदलतोय. असं म्हणाले मी. चोवीस वर्षांची घोडी. रात्री झोप लागली नाही. वाटलं, आपण चोर आहोत. बाईचं सगळं गेलं, उरलेले शब्दही आपण घेऊन चाललोय. मग गेलेच नाही. हैदराबादला निघून गेले. ती गेल्याचंसुद्धा मला पत्रानं कळलं. काही बोलू नकोस. असंच सांगितलं.

गौसिया : ताई, मला एक सांगायचंय. आज दुसऱ्यांदा. ओरडू नका.

सिंधु : अजून काय घातलंस तिच्या तोंडात?

गौसिया : घातलं न्हाई. तुमच्या कागदावरची काही अक्षरं मला लागायची न्हाईत. म्हणून कागदांसंगं तुम्ही इथं ठेवलेल्या कॅसेट मी लावायची, हळू आवाजात. ऐकायचं अन् टाइप करायचं. अब्बांना न कळता. त्यांचा नियम होता, गिऱ्हाइकाचं मॅटर फक्त टाइप करायचं, त्यात कान घालायचा न्हाई.

सिंधु : त्यात काय एवढं? बरंच केलंस.

गौसिया : सातवी कॅसेट. तुमचे कागद संपले, पण मी टेप बंद केला न्हाई, शेपट्या ओढत बसले होते. दुसऱ्या बाजूला पण तिचा आवाज आला.

सिंधु : दुसरी बाजू कोरी होती. त्या शेवटच्या दिवशीच टँकर आला म्हणून मी बाजू उलटून ठेवली आणि तिची घागर घेऊन पळाले.

गौसिया : उलटून ठेवली अन् बटन दाबलं होतं तुम्ही. सवयीनं. तुम्ही पाण्याच्या रांगेत, अन् टेप चालू.

सिंधु : गौसिया...

गौसिया : ती डब्याशी बोलली ताई. तुमच्या टेपशी. मी ऐकलं, अन् मला राहवलं न्हाई. दोन महिने तुमचा तक्ता समोर होता, जीभ कुठं लावायची, ओठ कसे करायचे. मी पण शिकले होते. तुमच्यासारखंच लिहिलं समदं, जशी बोलली तसं. वेगळी फाइल केली. तुम्हाला देणार होते, पण तुम्ही घाईत आलात, कागद अन् कॅसेट घेतल्या, गेलात. मग माझं लगीन झालं, नांदेडला गेले. अब्बा गेल्यावर परत आले, तर तुमचा पत्ता न्हाई. अन् आज तुम्ही आलात त्या भांडतच.

सिंधु : ती फाइल आहे?

गौसिया : जुन्या मशीनवर होती. मघाशी फ्लॉपीत ती पण घेतली. बदललं समदं. ही बघा.

सिंधु : मला अक्षरं दिसत नाहीयेत. चष्मा... तू वाच.

गौसिया : वाचते. ‘ए डब्बा, ऐकतुयास का रं? हुडगी पोर पाण्याला गेलीया. तूच बस माझ्याजवळ. भूकंप झाल्यापासून जे येतंय ते एकच विचारतंय, किती गेले, कोण गेलं. फोटू काढतंय अन् जातंय. ही हुडगी येडी हाय. ही विचारती, अव्वा, चुलीमागच्या जागंला काय म्हणता? मी सांगती, अन् मला चुलीमागची जागा दिसती. तिथं ठिवलेलं राखेचं मडकं दिसतंय. ती म्हणती परत म्हण. मी परत म्हणती, मला परत दिसतंय.’ थांबू?

सिंधु : नाही. पुढं वाच.

गौसिया : ‘तिला वाटतंय मला तरास हुतोय. वाटू दे. आज मी तिला समदे शब्द दिले न्हाईत. थोडे राखून ठिवलेत. समदे एकदाच दिले तर उद्या कशाला येईल ही?’ ताई. ताई, इकडं बघा माझ्याकडं. हे घ्या, पदरानं नका पुसू, रुमाल घ्या.

सिंधु : कुठले शब्द राखून ठेवले होते, ते म्हणाली का?

गौसिया : हाव. विसरू नये म्हणून डब्याला सांगून ठेवलेत. एकेक करून, अगदी हळू, तुम्ही म्हणायला लावायचात न, तसे. नऊ हायेत. वाचू?

सिंधु : नको. आज नको. दुकान उद्या किती वाजता उघडतेस?